निळ्या डगल्याचं माप

मास्तरबाईंचा नवा डगला तिसऱ्यांदा उसवून शिवला तरी पुढून लोंबतच राहिला, तेव्हा त्यांनी टाचणीला समोर बोलावलं आणि एकवीस वर्षांत कधी बोलल्या नव्हत्या ते बोलल्या. हात थकले असतील तर तसं सांग, म्हणाल्या, उद्यापासून बटणं लावायला बस.

कपडेपटात एवढं बोलणं म्हणजे चारचौघांत थोबाडीत देणं. टाचणी ही नाटक कंपनीच्या कपडेपटातली सगळ्यात जुनी शिवणारी. अंगानं बारीक, बोलायला टोकदार आणि ओठांत सदा चार टाचण्या धरलेल्या, म्हणून ते नाव. तिची शिवण बघून नव्या मुली आपापली शिवण लपवायच्या. तिनं ओठांतल्या चारही टाचण्या एकेक करून उशीत खोचल्या आणि मशीनवर जाऊन बसली.

आता मास्तरबाईंबद्दल सांगायला हवं, नाहीतर त्या खाष्ट वाटतील, आणि तशा त्या नव्हत्या. म्हणजे थोड्या होत्या. त्या कपडेपटाच्या कटिंग मास्तर. राजा असो की भिकारी, रंगमंचावर जो कुणी उभा राहील त्याचं कापड आधी त्यांच्या नजरेखालून आणि मग त्यांच्या कात्रीखालून जायचं. माणूस दारातून आत येईपर्यंत त्याचा कुठला खांदा उतरलाय आणि त्यानं पोट किती आवरून धरलंय हे त्यांना कळलेलं असे. स्वतःसाठी मात्र त्यांचा एकच साचा होता, नोकरीला लागल्या तेव्हा सव्विसाव्या वर्षी काढलेला, तपकिरी कागदाचा, खिळ्याला टांगलेला. त्यावरून दर वर्षी एक निळा डगला शिवायचा, गुडघ्याखाली चार बोटं, पुढे चार खिसे. एकवीस डगले झाले, एकानंही कधी कुरकुर केली नाही. मग बाविसाव्यानंच का करावी?

बारा वर्षांपूर्वी त्यांना एमएस झाला. पूर्ण नाव मल्टिपल स्क्लेरोसिस. मेंदूच्या डॉक्टरांनी समजावलं होतं, की विजेच्या तारेवरचं आवरण जागोजागी सोललं जावं तसं नसांचं होतं आणि मेंदूनं धाडलेला निरोप पायापर्यंत धड पोचत नाही. मास्तरबाईंनी ते आपल्या भाषेत आणलं: पाय बहिरे झालेत. डावा पाय ओढत यायचा, तोल जायचा, उकाडा वाढला की सगळंच बिघडायचं. पाच वेळा आजार उसळला आणि पाचही वेळा स्टेरॉइडची सलाईनं घ्यावी लागली. आधी काठी आली, मग कामावर बसायला चाकांची खुर्ची आली.

तीन वर्षांपूर्वी बाईंना बसून काम करता यावं म्हणून सगळ्यांनी मिळून एक बेत केला. नाटकाचे देखावे उभारणारे सुतारकाका करवत घेऊन आले आणि कापणीच्या बारा फुटी टेबलाचे सहाही पाय त्यांनी नऊ-नऊ इंच कापून टाकले. मायेपोटीच कापले. पण बसून लांब काप घेता येत नाही. कात्रीबरोबर माणसाला टेबलाच्या कडेनं चालावं लागतं, मधेच थांबून कात्री उचलली की कापडाच्या कडेला दात पडतो. तेव्हापासून खडू मास्तरबाईंचा आणि कात्री टाचणीची. मास्तरबाईंची स्वतःची दहा इंची कात्री खणात फडक्यात गुंडाळून पडून होती. दर शनिवारी त्या तिला तेल घालायच्या. कशाला, असं कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी त्यांनी सांगितलं नसतं. पण खरं सांगायचं तर त्यांना आता मनापासून एकच हवं होतं. पुन्हा एकदा उभं राहून, टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, स्वतःच्या हातानं कापायचं.

टाचणी चार दिवस बोलली नाही. पाचव्या दिवशी सकाळी तिनं नवा डगला आणि चार वर्षांपूर्वीचा एक जुना डगला असे दोन्ही शेजारी शेजारी टांगले, टेप घेतली आणि खांद्यापासून खालपर्यंत पुढून मागून मोजून दाखवलं. सुताचाही फरक नव्हता. मग जुना डगला मास्तरबाईंच्या हातात दिला आणि हा घाला म्हणाली. त्यांनी घातला. तोही पुढून लोंबत होता आणि मागून उचललेला होता.

"डगला तोच आहे, बाई," टाचणी म्हणाली. "आतलं माणूस बदललंय."

मास्तरबाई काठी टेकून आरशासमोर उभ्या राहिल्या. पुढून लोंबतंय, मागून उचललंय. हे तर त्यांनीच प्रत्येक नव्या मुलीला पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं, की असं दिसलं तर शिवण तपासू नका, पाठ तपासा, माणसाला पोक आलेलं असतं. दुसऱ्या कुणाच्या अंगावर त्यांनी हे दारातूनच ओळखलं असतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

कपडेपटाच्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलच्या रेघा होत्या, इथं कामाला लागलेल्या प्रत्येकाच्या उंचीच्या. एखादा नट आला नाही तर त्याच्या उंचीचं माणूस उभं करून कपडा बघता यावा म्हणून ही पद्धत पडली होती. टाचणीनं बाईंना चौकटीला पाठ लावून उभं केलं आणि डोक्यावर फुटपट्टी आडवी धरली. जुन्या रेघेपासून ती दीड इंच खाली होती. दोघी त्या दीड इंचाकडे बघत राहिल्या. माणूस एखादा दात हरवतो, चष्मा हरवतो, पण उंची कुठे हरवायची?

"चोर सोडून संन्याशाला फाशी दिली मी," मास्तरबाई म्हणाल्या. टाचणीनं उशीतल्या चार टाचण्या काढून पुन्हा ओठांत धरल्या, म्हणजे माफी पोचली.

आता चोर कोण ते बघायचं होतं. मास्तरबाईंना आठवलं, आठ महिन्यांपूर्वी घरी कपाटाचा अडकलेला खण ओढताना पाठीत काहीतरी चटकन झालं होतं. तीन आठवडे त्या कुशीवर वळू शकत नव्हत्या. तेव्हा सगळ्यांनी म्हटलं, एमएस. त्यांनीही म्हटलं, एमएस. त्या घरात चमचा हरवला तरी तो एमएसनंच नेलेला असायचा, मग पाठदुखीची काय कथा! कुणी पाठीचा फोटो काढा म्हटलं नाही.

हाडांच्या डॉक्टरीण बाईंनी मात्र पहिल्याच भेटीत फोटो काढला. पाठीचे दोन मणके पुढच्या बाजूनं दबले होते, हलक्या हातानं दाबलेल्या खोक्यासारखे. मग हाडांची घनता मोजायची तपासणी झाली. सपाट टेबलावर पाठ टेकून निजायचं, वरून एक दांडा सावकाश सरकत जातो, पंधरा मिनिटांत काम संपतं, ना सुई ना दुखणं. मास्तरबाईंना तर तो दांडा म्हणजे स्वतःहून चालणारी टेपच वाटली. निरोगी तरुण हाड म्हणजे शून्य धरलं, तर आकडा आला उणे तीन पूर्णांक एक. उणे अडीचच्या खाली गेलं की त्याला ऑस्टिओपोरोसिस म्हणतात, हाडं आतून विरळ आणि ठिसूळ होतात, असं डॉक्टरीण बाईंनी सांगितलं.

या भेटीला वन्सं बरोबर होत्या. वन्सं म्हणजे मास्तरबाईंची थोरली नणंद. मास्तरबाईंचा नवरा प्लंबर, सकाळी पाने-पकडी घेऊन निघाला की संध्याकाळीच घरी, तेव्हा घर चालायचं ते वन्संच्या हुकमानं. ऐकून ऐकून आख्खा कपडेपट त्यांना वन्संच म्हणायचा. भावजयीवर त्यांचा इतका जीव, की त्या जीव लावण्यात बिचारीला श्वास घ्यायला जागा उरली नव्हती. उन्हानं आणि उकाड्यानं एमएसवाल्यांचा त्रास वाढतो असं कानावर पडलं त्याच आठवड्यात घरात दुहेरी अस्तराचे जाड पडदे लागले. कापले मास्तरबाईंनीच, त्यामुळे एक किरण आत यायची सोय नव्हती. पाण्याचा ग्लास उचलू द्यायचा नाही, पिशवी धरू द्यायची नाही, ओट्यापाशी उभं राहू द्यायचं नाही. "तू बस" हे दोन शब्द त्या घरात दिवसातून साठ वेळा ऐकू यायचे.

डॉक्टरीण बाई समजावू लागल्या. हाड म्हणजे एकदा बांधून झालेली भिंत नव्हे. ते रोज थोडं मोडतं आणि रोज थोडं बांधलं जातं. बांधकाम चालू राहायला अंगावर भार लागतो, उभं राहणं लागतं, ऊन लागतं. स्टेरॉइडच्या सलाईनांनी मोडकाम वाढलं, बसून राहण्यानं आणि सावलीत राहण्यानं बांधकाम थांबलं, आणि तोल जाणाऱ्या माणसाला तर पक्क्या हाडांची गरज इतरांपेक्षा जास्त. त्यांनी बाईंची फाईल हातात तोलून बघितली. मेंदूचे चौदा फोटो होते, हाडांचा एकही नव्हता.

वन्सं हे सगळं ऐकत खुर्चीच्या अगदी कडेला सरकल्या होत्या. ऊन, उभं राहणं, भार. एकेक शब्द त्यांच्याच दारावर येऊन पडत होता.

"म्हणजे मीच तिची हाडं खाल्ली म्हणा की," त्या म्हणाल्या.

मास्तरबाईंनी बारा वर्षांत वन्संचे डोळे भरलेले पाहिले नव्हते. डॉक्टरीण बाईंनी सांगितलं की तुम्हाला हे कुणी कधी सांगितलंच नव्हतं, आणि उन्हापासून जपणं चूक नव्हतं, फक्त अर्धंच होतं. उरलेलं अर्धं आजपासून करायचं. मग नेहमीप्रमाणे त्यांनी विचारलं, तुम्हाला काही विचारायचंय का?

"मला कापता येईल का?" मास्तरबाई म्हणाल्या. डॉक्टरीण बाईंना कळेना, तेव्हा त्यांनी हातानं कात्री करून दाखवली. "कापड. उभं राहून. बारा फूट."

डॉक्टरीण बाई हसल्या नाहीत, म्हणून मास्तरबाईंना त्या आवडल्या. मी सांगते ते दीड-दोन वर्षं न चुकवता करा, त्या म्हणाल्या, आणि मग हाच प्रश्न पुन्हा विचारा.

माणूस चूक कळली की लगेच सुधारतो, असं ज्याला वाटतं त्यानं वन्संना पाहिलेलं नाही. डोळे पुसून घरी पोचेपर्यंत त्यांनी ठरवूनही टाकलं, की हाडं काचेची झालीत, तर आता नोकरी बंद. काचेचं भांडं कुणी फडताळातून काढून रस्त्यात ठेवतं का? नवरा बहिणीपुढे कधी बोलत नसे, पण त्या दिवशी बोलला. म्हणाला, ताई, डॉक्टरांनी फडताळ मोडायला सांगितलंय. मग घाबरून जेवण अर्धं टाकून उठला. पण दुसऱ्या रविवारी कामावरचे उरलेले पाइप आणून त्यानं घराच्या लांब बोळकांडीत दोन्ही भिंतींना कठडे ठोकले, न्हाणीघरात एक ठोकला आणि गॅलरीत एक. आयुष्यभर पाणी नेणाऱ्या पाइपांनी आता बायकोला न्यायचं होतं.

मग सुरू झाली ती काही नाटकासारखी झटपट गोष्ट नव्हती. वर्षातून एकदा सलाईनमधून हाडांचं औषध घ्यायचं. त्याआधी दात तपासून आणायचे, यावर वन्सं म्हणाल्या, दुखणं पाठीत आणि बघायचं तोंडात. पण दातांचं काही काम निघालं तर ते या औषधाआधी उरकावं लागतं, हे कळल्यावर त्यांनीच दातवाल्याची वेळ घेतली. रक्त तपासून ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या ठरल्या. सकाळी उकाडा चढायच्या आत गॅलरीत वीस मिनिटं ऊन, मानेवर ओला रुमाल टाकून. पहिल्या दिवशी वन्सं मागे छत्री घेऊन उभ्या राहिल्या. छत्रीच्या सावलीत ऊन कसं लागायचं, असं मास्तरबाईंनी अगदी शांतपणे विचारलं, तेव्हा छत्री मिटली. आठवडाभरानं मास्तरबाईंनी त्या जाड पडद्यांचं अस्तर स्वतः उसवलं.

आठवड्यातून दोनदा व्यायामवाली यायची. धिप्पाड, हसरी बाई, बोलायची हळू पण सोडायची नाही. खुर्चीतून हात न टेकता उठायचं, बसायचं. कठडा धरून टाचा उचलायच्या. भिंतीला पाठ लावून ताठ उभं राहायचं. कमरेतून वाकायचं नाही, पिळा द्यायचा नाही, जड झटक्यात उचलायचं नाही, पण दोन हातांत दोन छोट्या पाण्याच्या बाटल्या धरून बोळकांडीत चालायचं. पहिल्या महिन्यात मास्तरबाई चार मिनिटं उभ्या राहायच्या आणि अर्धा दिवस झोपायच्या. थकवा हाही त्या आजाराचाच सख्खा भाऊ. काही आठवडे असे गेले की बाटल्या कोपऱ्यात तशाच राहिल्या आणि मास्तरबाई भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. एकदा त्या व्यायामवालीला म्हणाल्या की मला नाही जमत, उगीच कशाला येतेस. ती म्हणाली, मला इथला चहा आवडतो, आणि बसून राहिली. थोड्या वेळानं मास्तरबाई कंटाळून उठल्या.

सगळ्यात वाईट दिवस शुक्रवार. शुक्रवारी जमिनीवरून उठायचा सराव. सतरंजीवर निजायचं आणि पडलोय असं समजायचं. पहिली गोष्ट, उठायची घाई करायची नाही. पडल्या पडल्या स्वतःला तपासायचं, पाय हलतायत का, मनगट वळतंय का, खुबा आणि पाठ काय म्हणतायत. कुठे कळ आली तर तसंच पडून मदत मागायची. नाही आली, तर कुशीवर वळायचं, हातांवर आणि गुडघ्यांवर यायचं, रांगत पक्क्या खुर्चीपाशी जायचं, आधी बरा पाय रोवायचा आणि मग उठायचं. वन्संना हे बघवत नसे. त्या स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटत बसायच्या. काही महिन्यांनी भांड्यांचा आवाज थांबला. मग एका शुक्रवारी आतून आवाज आला, "कुशीवर वळ आधी, हातावर जोर देऊ नकोस." त्यांना सगळा क्रम पाठ झाला होता.

जवळजवळ दोन वर्षांनी पुन्हा तो दांडा मास्तरबाईंच्या अंगावरून सरकत गेला. आकडा आला उणे दोन पूर्णांक सहा.

"उणेच आहे की अजून," वन्सं म्हणाल्या.

डॉक्टरीण बाई म्हणाल्या की हो, दबलेले मणके काही पुन्हा फुगणार नाहीत आणि गेलेला दीड इंच परत येणार नाही. पण उतार थांबून चढ लागलाय आणि दोन वर्षांत एकही नवा मणका दबलेला नाही. मास्तरबाईंनी मग तो जुना प्रश्न पुन्हा विचारला. डॉक्टरीण बाईंनी या वेळी टेबलाची उंची विचारली.

उंची ऐकून त्यांनी नकार दिला. बसक्या टेबलावर उभ्यानं कापायचं म्हणजे कमरेतून वाकायचं, आणि वाकणं या पाठीला चालणार नाही. टेबल उंच करता आलं तर बघा, म्हणाल्या. मास्तरबाई खट्टू होऊन कपडेपटात परतल्या आणि सुतारकाकांना विचारलं, की ठोकळे लावून काही होईल का.

सुतारकाका आपल्या खोलीत गेले आणि एक खोकं घेऊन आले. त्यात टेबलाच्या पायांचे नऊ-नऊ इंची सहा तुकडे होते, प्रत्येकावर खडूनं आकडा घातलेला, कुठला तुकडा कुठल्या पायाचा त्याचा. पाच वर्षं त्यांनी ते फळीवर ठेवले होते. लाकूड चांगलं होतं, टाकवलं नाही, एवढंच ते म्हणाले. त्यांना आणखी काही म्हणायचं होतं हे सगळ्यांना कळलं. संध्याकाळपर्यंत पट्ट्या आणि बोल्ट लावून टेबल पूर्वीइतकं उंच झालं. खरं तर मास्तरबाईंपुरतं पूर्वीपेक्षाही उंच, कारण त्या दीड इंच खाली आल्या होत्या. चोरीला गेलेला दीड इंच असा कामी आला. आता त्यांना वाकायची गरजच नव्हती.

आणि काम समोर उभंच होतं. नव्या नाटकात राणीचा पायघोळ झगा होता, मागे लांब घोळ, एकसंध मखमल, मधे जोड नाही. कापड मोजून तेवढंच आलं होतं, चुकलं तर दुसरं नव्हतं. मखमलीची लव सगळीकडे एकाच दिशेनं पडायला हवी आणि घोळाची लांब वळणदार कड एका दमात कापली जायला हवी. व्यवस्थापक बाहेरून कुणीतरी कापणारा आणायचं म्हणत होते. मास्तरबाईंनी खण उघडला, फडकं सोडलं आणि कात्री टेबलावर ठेवली. व्यवस्थापकांनी बाहेरच्या माणसाचा विषय तिथंच सोडला.

कापायचा दिवस ठरला. सकाळची वेळ, उकाडा चढायच्या आत, पंखे चालू, मानेवर ओला रुमाल. वन्सं डबा द्यायच्या निमित्तानं आल्या होत्या आणि डबा देऊन झाल्यावरही जायचं नाव काढत नव्हत्या. त्यांना दाराशी स्टूल दिलं. टाचणीनं मखमल अंथरली, लव तळव्यानं तपासली, खडूची रेघ मास्तरबाईंनी आदल्या दिवशी काढलेलीच होती. त्यांनी डावा हात टेबलाच्या कडेवर ठेवला, काठी टाचणीकडे दिली आणि कात्री उघडली.

मग कात्रीचा तो आवाज सुरू झाला, जाड कापडातून जाणारा, भरीव, न थांबणारा, आणि मास्तरबाई त्याच्या बरोबरीनं चालू लागल्या. उजवा पाय टाकायच्या, डावा ओढून आणायच्या, पण कात्री पायांची वाट बघत नव्हती, हात आपल्या चालीनं चालले होते. सहाव्या फुटाशी डावा पाय थरथरू लागला. त्यांनी चाल कमी केली, कात्रीची पाती मिटू दिली नाहीत, टाच टेकवली आणि पुन्हा निघाल्या. आठ फूट झाले, दहा झाले. त्यांच्या कपाळावरून घाम ओघळत होता आणि त्या चक्क गुणगुणत होत्या. बाराव्या फुटाला घोळ सुटा झाला आणि मखमलीची कड टेबलावरून खाली सरकली, सबंध, एका रेघेत. मास्तरबाईंनी कात्री टेबलावर ठेवली, नीट, पाती मिटून. बघायला एक पाऊल मागे घेतलं आणि डाव्या पायानं दगा दिला.

त्या पडल्या. धप्पकन, कुशीवर, चिंध्यांच्या गाठोड्याच्या हातभर अलीकडे. नशिबाला तरी थोडं पुढे सरकायला काय झालं होतं!

सुतारकाका धावले, टाचणी धावली, दोन मुली ओरडल्या. आणि दाराशी स्टूल पडल्याचा आवाज झाला. वन्सं उभ्या होत्या. बारा-चौदा वर्षं पाण्याचा ग्लाससुद्धा उचलू न देणाऱ्या वन्सं, पांढऱ्याफटक पडलेल्या, दोन्ही हात एकमेकांत गच्च धरलेल्या.

"कुणी हात लावू नका," त्या म्हणाल्या. "तिला येतं."

सगळे जागच्या जागी थांबले. मास्तरबाई जमिनीवर पडून छताकडे बघत होत्या. पाय हलवून बघितले, हलले. मनगटं वळवली. खुब्याला विचारलं, पाठीला विचारलं. मुका मार लागला होता, कळ नव्हती. मग त्यांना आठवलं की जगात याहून महत्त्वाचंही काही आहे.

"कापड बघा आधी," त्या खालून म्हणाल्या. "कडेला दात पडलाय का?"

पडलो तरी नाक वर म्हणतात, ते असं. टाचणीनं मखमलीची कड उचलली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत बोटांतून सोडली. एकही दात नाही, म्हणाली, आणि तिच्या ओठांतल्या टाचण्या खाली पडल्या. तोवर मास्तरबाई कुशीवर वळल्या होत्या. हात, गुडघे, मग रांगत खुर्चीपर्यंत. वन्संचे ओठ हलत होते, एकेक पायरी त्या मनातल्या मनात मोजत होत्या. उजवा पाय रोवला. मास्तरबाई उठल्या. चाकांच्या खुर्चीचा ब्रेक लावलेला आहे की नाही हे बघून मग तिच्यात बसल्या, आणि हसायला लागल्या. हसता हसता त्यांना रडू आलं. टाचणी तर केव्हाचीच रडत होती. सुतारकाका टेबलाचे बोल्ट तपासायच्या निमित्तानं खाली वाकले ते बराच वेळ वर आले नाहीत.

आता फोटो काढायला जायचं, यात वाद नको, असं वन्संनी फर्मावलं, आणि या बाबतीत त्या बरोबरच होत्या. एमएसवाल्यांना कळ कधी उशिरा कळते, कधी कळतच नाही. दुपारी फोटो निघाला. तेच दोन जुने मणके, जसेच्या तसे. नवं काही नाही. मांडीवर तळहाताएवढी काळीनिळी खूण तेवढी उठली होती. ती मास्तरबाई पुढचा आठवडाभर कपडेपटातल्या बायकांना कौतुकानं दाखवत होत्या.

तिथून परत कपडेपटात आल्या, तेव्हा वन्संनीच त्यांना चौकटीला पाठ लावून उभं केलं. टाचणीनं फुटपट्टी धरली. ती बरोबर दोन वर्षांपूर्वीच्या खालच्या रेघेवर टेकली, केसभरही इकडे तिकडे नाही. मास्तरबाईंनी खिळ्यावरचा जुना तपकिरी साचा काढला, घडी करून खणात ठेवला आणि आताच्या मापाचा साचा काढायला नवा कागद टेबलावर पसरायला सांगितलं. नवा निळा डगला दुसऱ्या दिवशी त्या स्वतः कापणार होत्या.

निघायची वेळ झाली. वन्संनी नेहमीसारख्या दोन्ही पिशव्या उचलल्या, एक डब्याची, एक फाईल आणि औषधांची. दाराशी जाऊन थांबल्या. थोडा वेळ दोन्ही हातांतलं वजन तोलत राहिल्या, आणि मग डब्याची पिशवी त्यांनी मास्तरबाईंच्या पुढे धरली.

"धर," त्या म्हणाल्या. "डबा रिकामाच आहे. उद्यापासून भरलेला देते."